विद्यार्थी स्वतःच्या तोंडाने सांगेल

त्या दिवशी अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत कुणीच भांडलं नाही, आणि बुरुलचाच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी भांडण ठरलेलं. वैद्यकीय संस्थेतला प्रत्येक विभाग आपले तास मुठीत आवळून बसलेला. कुणाचा एखादा तास काढायचा म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मेंढी ओढून न्यायची. बुरुलचा ओस्मोनोव्हना शरीरक्रियाशास्त्राची प्रमुख आणि या समितीची अध्यक्ष. शिकून बाहेर पडणाऱ्या पोराला नेमकं काय करता यायला हवं ते लिहायचं, आणि ज्या तासांनी ते साधत नाही ते तास कापायचे, हे तिचं काम. असं काम करणाऱ्या बाईवर प्रेम कोण करणार? तिला ते नकोही होतं. वसंतात राजधानीतून, बिश्केकहून, तपासणीचं मंडळ येणार होतं, त्याआधी मसुदा पुरा व्हायला हवा, एवढंच तिला हवं होतं.

शरीररचनेची कानिशाय म्हणजे संस्थेतली सगळ्यांत वयस्क बाई, सगळ्यांची 'एजे', थोरली ताई. मागच्या खेपेला मनगटाच्या हाडांवरून तिने टेबलावर चष्मा आपटून फोडला होता. आज बुरुलचाने तिचे तास कापायचं काढलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घे बाई."

"किती घेऊ, एजे?"

"हवे तेवढे घे म्हटलं ना."

मग शस्त्रक्रियेचे सूरोनबाय, सगळ्यांचे 'बायके', म्हणजे थोरले दादा. त्यांनी मान डोलावली. बुरुलचाचा जुना विद्यार्थी आणि आता उपाध्यक्ष असलेला कुबानिच, त्यानेही मान डोलावली. सगळं टेबल मान डोलावत होतं.

फक्त एका उद्दिष्टाशी माना थांबल्या.

*मसुद्यातून. विद्यार्थी गंभीर आजाराचं निदान रुग्णाला एकांतात, स्वतःच्या तोंडाने सांगेल.*

हे वाचून होताच जो तो आपल्या पियाल्यातल्या चहात बघायला लागला. सूरोनबाय बायके खाकरले. "बुरुल, हे पुढच्या वेळेवर ठेव."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात, बायके."

"तर मग आणखी एकदा म्हणतो."

तेवढ्यात कुबानिचने तिच्या पियाल्यात चहा ओतला. काठोकाठ. पाहुणा बसावा असं वाटत असेल तर माणूस तळापुरता चहा ओततो, पुन्हा पुन्हा ओततो. काठोकाठ ओततो ते 'आता उठा' हे तोंडाने म्हणायची लाज वाटते तेव्हा. कुबानिचला हे कळत नव्हतं असं नाही. तो तिच्याच हाताखाली वाढलेला.

बुरुलचाने तो गरम चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि जागची हलली नाही.

*मसुद्यातून. विद्यार्थी निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळं मांडेल.*

हे तिचं आवडतं वाक्य. मसुद्यात 'समजेल', 'जाणेल' असली क्रियापदं ती येऊ द्यायची नाही. समजलं की नाही ते कुणी बघितलंय? सांगेल, दाखवेल, करेल, असं लिहा. डोळ्यांना दिसेल ते. तेव्हा आता डोळ्यांना काय दिसत होतं, तर:

निरीक्षण. ती व्हरांड्यात आली की बोलणी थांबतात. मग कुणीतरी हवेबद्दल बोलतं.

निरीक्षण. संस्थेच्या शरद मेजवानीत मेंढीचे तुकडे वाटले गेले. सगळ्यांत मानाच्या बाईला द्यायचा शेपटीकडचा तुकडा कानिशायकडे न जाता तिच्या ताटात आला. वाढणाऱ्याची चूक झाली म्हणून तिने तो पुढे केला, तर कानिशायने परत ढकलला. "खा. माझे दात गेलेत." दात कुठले गेलेत? त्याच दातांनी ती शेजारी बसून अक्रोड फोडत होती.

अनुमान. निरोप देताना असा मान देतात.

निरीक्षण. तिचा नवरा जाकिप दुपारच्या वेळी शस्त्रक्रिया विभागातून बाहेर पडला. ती समोरच्या इमारतीच्या खिडकीत उभी होती. तो पायऱ्यांवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तसाच बसला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "टायरचं विचारायला गेलो होतो. सूरोनबायच्या मेव्हण्याचं दुकान आहे ना."

दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "बुरुल, किती दिवस ती समिती उरावर घेणार? सोड आता. सरोवरावर जाऊ, गरम झऱ्यांत पाय सोडून बसू."

अनुमान. नवराही त्यांना सामील आहे.

आणखीही काही काही होतं. सफरचंदांच्या दिवसांत कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली तेव्हा सूरोनबाय बायकेंनी तिच्या पोटावरून यंत्र फिरवताना जरा जास्तच वेळ घेतला होता, आणि मग म्हणाले होते, "पित्ताशयात वाळू आहे. चरबी कमी खा." ती कमी खात होती. तोंड कडू व्हायचं, घागरा कमरेवरून घसरायचा म्हणून तिने आतून पिन लावली होती. पण याची नोंद तिने कशाखालीच केली नाही. वाळू ती वाळू. ती शरीरक्रियेची बाई, बेडकाच्या हृदयावर आयुष्य काढलेली. शिकताना तपासले तेवढेच रुग्ण, त्यानंतर तिने रुग्ण पाहिला नव्हता.

तिने सगळं जुळवलं ते असं. मंडळ येण्याआधी यांना तिला खुर्चीवरून उतरवायचंय. खुर्ची कुबानिचला. बदल्यात ते एक उद्दिष्ट पाडायचं, कारण म्हाताऱ्या सूरोनबायना ते सोसवत नाही. तिच्याशी भांडायची हिंमत नाही, म्हणून गोड बोलून, मानाचा तुकडा वाढून, नवऱ्याला फितवून हे चाललंय.

खुर्चीचं तिला फारसं नव्हतं. पण ते वाक्य जाऊ द्यायचं नव्हतं.

कुबानिच त्याच्या खोलीत सांगाड्याच्या हाताच्या पंज्याला तार बांधत बसला होता.

"माझ्या खुर्चीवर बसून बघितलंस का कधी?" बुरुलचाने दारातूनच विचारलं.

"एजे! या ना. कुठली खुर्ची?"

"अध्यक्षाची. मागचा पाय हलतो. घेण्याआधी माहीत असलेलं बरं."

"काहीतरीच काय, एजे."

"सूरोनबाय बायके माझ्या नवऱ्याशी काय बोलतात?"

पंजा टेबलावर पडला आणि एक बोट निसटून खाली गेलं. कुबानिच ते शोधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "टायरबद्दल असेल."

"तुला कसं माहीत, टायरबद्दल?"

टेबलाखाली तो बोट चाचपत राहिला.

"शस्त्रक्रिया विभागात टायर कधीपासून बदलायला लागले रे? टाके घालून की भूल देऊन?"

तो वर आला. डोळे लाल दिसत होते. वाकल्यामुळे असतील. "एजे, एक विचारू? त्या उद्दिष्टात 'एकांतात' का लिहिलंत?"

"आलास ना मुद्द्यावर?"

"नाही, खरंच विचारतोय."

ती बसली. खोलीत दोनच माणसं होती आणि तिला वाटलं, सांगून टाकावं. इथे डॉक्टर कसा वागतो हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आधी विचारतो, 'बरोबर कोण आलंय?' मग रुग्णाला बाहेर बसवतो आणि नवऱ्याला, भावाला, थोरल्या लेकाला आत घेतो. दार लागतं. दार उघडतं तेव्हा बाहेरच्या बाकावरचं माणूस सोडून सगळ्यांना सगळं माहीत झालेलं असतं.

"माझी आई गेली तेव्हा मी बिश्केकला, तेव्हाच्या फ्रुन्झेला, शिकत होते," बुरुलचा म्हणाली. "मामा न्यायला आला. म्हणाला, तुझ्या चुलतभावाचं लग्न ठरलंय, चल. बसमध्ये चालकाने माझं भाडं घेतलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. घरी पोचले तर उंबऱ्याशी बुटांचा ढीग. आत सगळे बसलेले. दोघी मावश्यांनी मधे जागा करून दिली आणि मला बसवलं. मग एक आजोबा डोंगराबद्दल बोलायला लागले, ससाण्याबद्दल, उडून गेलेला ससाणा हातावर परत येत नाही वगैरे. त्यांचं अजून चालूच होतं आणि मावश्यांनी माझे दंड धरले. दोन्हीकडून. चोराला धरतात तसे."

"तशीच रीत आहे, एजे."

"आहे ना! पण चालकालासुद्धा माझ्याआधी कळलं होतं. माझी आई, आणि कळलं मला सगळ्यांत शेवटी. म्हणून लिहिलं, एकांतात. ज्याचं आहे त्याला आधी. मधे मामा नको, मावशी नको, ससाणा तर नकोच नको."

कुबानिच ते निसटलेलं हाड बोटांत फिरवत होता. "आणि मावश्यांनी धरलं नसतं तर?"

"तर काय?"

"तर तुम्ही पडला असतात."

"पडले असते. मग माझी मी उठले असते."

तो तिच्याकडे न बघता हाड तारेत ओवायला लागला. त्यात तिला लबाडी दिसली, आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"पुढच्या बैठकीत करूनच बघू," ती म्हणाली. "उद्दिष्ट लिहिलं की त्याची परीक्षा कशी घ्यायची तेही दाखवावं लागतं. मी रुग्ण होते. तू डॉक्टर हो. मला निदान सांग. सांगता येतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं आणि मग पाडायचं तर हात वर करून पाडावं."

त्याने पंजा बाजूला ठेवला. "दुसऱ्या कुणाला तरी घ्या, एजे."

"का? माझ्यासमोर बोलायला जीभ अडते?"

"आजार कुठला धरायचा?"

"कुठलाही धर. मला काय करायचंय?"

*मसुद्यातून. विद्यार्थी खोलीत शिरताच कोण कुठे बसलं आहे ते पाहील आणि त्यावरून काय कळतं ते सांगेल.*

बैठकीची खोली तीच, पण खुर्च्या हलवलेल्या.

बुरुलचा दारात थांबली. टेबल भिंतीला सरकवलं होतं. मधे तिची हलत्या पायाची खुर्ची, समोर कुबानिचची. ठीक. परीक्षा म्हणजे अशीच मांडणी लागते. पण तिच्या खुर्चीच्या डावीकडे कानिशाय एजे बसली होती. जी बाई बुरुलचाशेजारी बसायला लागू नये म्हणून बसची वाट बघत पावसात उभी राहील, ती. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. सूरोनबाय बायके भिंतीशी उभे होते, टोपी हातात. किटलीखाली आच नव्हती. कुणापुढेच पियाला नव्हता.

मतदानाला जमलेत, तिने स्वतःला सांगितलं. जमू देत.

ती बसली. पिन कमरेला टोचली.

"सुरू कर," ती कुबानिचला म्हणाली. "आणि बरोबर कोण आलंय, असं विचारलंस तर गुण कापीन."

कुबानिच बसला नाही. तो दाराकडे बघत होता. दार उघडलं आणि जाकिप आत आला. त्याने चांगला कोट घातला होता. तो आला आणि तिच्या उजवीकडच्या खुर्चीवर बसला.

तेव्हा बुरुलचाने ही बैठक ओळखली.

डावीकडे एक, उजवीकडे एक. उंबऱ्याशी बूट नव्हते एवढंच. समिती, खुर्ची, मंडळ सगळं एका क्षणात वाहून गेलं आणि एकच नाव उरलं. एलदियार. त्यांचा मुलगा नोवोसिबिर्स्कला होता.

"कोण?" ती म्हणाली. "कोण गेलं? जाकिप, एलदियार कुठे आहे?"

"एलदियार बरा आहे," जाकिप म्हणाला. "सकाळीच बोललो. तो येतोय."

"का येतोय?"

कानिशायने तिचा दंड धरला. हाडं मोजत आयुष्य काढलेली बोटं, पण किती हलकी.

कुबानिच समोर येऊन बसला. "कुणीही गेलेलं नाही, एजे. आणि हे परीक्षेतलं नाही. डोंगर नाही, ससाणा नाही. सरळ सांगतो. तपासणीत तुमच्या पोटात गाठ दिसली. स्वादुपिंडात. तिथून ती यकृतात गेली आहे. पित्ताशयात वाळू नाही. वाळू नव्हतीच."

बाहेर पोरं बर्फ पडल्यासारखी ओरडत होती.

बुरुलचाला वाटलं होतं ती बसूनच राहील. पण तिचं शरीर एका बाजूला गेलं, त्या हलत्या पायाच्या बाजूला, आणि दोन्हीकडून दोन हात तिथे होतेच. तिला खाली जाऊ दिलं नाही त्यांनी.

ती पुन्हा सरळ बसली.

"काढता येईल?" तिने विचारलं.

"नाही," भिंतीशी उभे असलेले सूरोनबाय बायके म्हणाले. "औषधाने थोपवता येईल. काही काळ. बिश्केकला बोललोय."

"तुम्ही तेव्हाच पाहिलंत."

"पाहिलं."

"आणि मला वाळू सांगितलीत."

"जाकिपला खरं सांगितलं. मला तसंच शिकवलं होतं, बुरुल. मी नवऱ्यांना सांगितलं, मुलांना सांगितलं. बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांत बघायची वेळ मी स्वतःवर येऊच दिली नाही. तू ते वाक्य वाचलंस आणि मला वाटलं, तुला कळलंय आणि तू माझं सालटं काढतेयस."

ती जाकिपकडे वळली. "टायर?"

"टायर," जाकिप म्हणाला, आणि रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. रागवायला नंतर वेळ मिळेल, असं वाटलं, आणि मग वाटलं, नंतर म्हणजे कधी? म्हणून लगेच रागावली.

"सगळ्या संस्थेला माहीत! दारवानालासुद्धा?"

"दारवानाला नाही," कुबानिच म्हणाला.

"तेवढीच कृपा. आणि तू? तू आज का बोललास?"

"तुम्ही म्हणालात, मधे मामा नको. मी दोन रात्री विचार केला. सांगायचं तर होतंच. पण तुम्ही एकट्या असताना सांगायचं माझ्याने होईना, एजे. तुम्ही म्हणालात, पडले असते. मला तुम्हाला पडलेलं बघायचं नव्हतं." त्याने नाक पुसलं. "मग मी या दोघांना विचारलं, शेजारी बसाल का. बायके म्हणाले, करू नकोस. मग तेही आले."

"निरीक्षण आणि अनुमान," बुरुलचा पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. रुग्णाला आधी काय ठाऊक आहे ते विचारायचं असतं. ते तू विचारलं नाहीस. गुण गेले."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, एजे?"

"मला ठाऊक होतं की तुला माझी खुर्ची हवी आहे."

कुबानिचच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटले. "ही? हिचा पाय हलतो."

कानिशाय अजून दंड धरून बसली होती. आता तिने हात काढला, मांडीवर ठेवला, आणि घसा साफ केला.

"आता माझे तास परत दे," ती म्हणाली.

"काय?"

"मनगटाचे. दया आली म्हणून सोडले होते. आता तुला सगळं सांगून झालंय, आता कसली दया? हात न शिकवता कुठला डॉक्टर करणार आहेस तू?"

"एजे, मला मरायला टेकवलंत आणि तास मागताय?"

"मग कधी मागू?"

"एकसुद्धा मिळायचा नाही. मनगट पहिल्या वर्षाला पुरे झालं."

"पहिल्या वर्षाला पोरांना स्वतःचं मनगट सापडत नाही!"

सूरोनबाय बायके मधे पडले, शस्त्रक्रियेच्या तासांबद्दल काही म्हणाले, आणि दोघी त्यांच्यावर तुटून पडल्या. जाकिप ओल्या डोळ्यांनी एकेकाकडे बघत राहिला. घरी बायको या बैठकांबद्दल कुरकुर करायची तेव्हा त्याला वाटायचं, ती वाढवून सांगते. कानिशायने चष्मा काढून हातात घेतला तसा कुबानिचने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

भांडण दमल्यावर बुरुलचाने मसुदा मागितला. कागद जाकिपने धरला. तिने 'एकांतात' हा शब्द खोडला. दोन मावश्या आठवल्या. त्यांची तिने पुढे कधी विचारपूस केली नव्हती. मग ती लिहीत गेली आणि मोठ्याने वाचत गेली.

*विद्यार्थी आधी रुग्णालाच विचारेल, 'शेजारी कोण बसलेलं हवं आहे?' मग त्यांच्यासमोर, पण रुग्णाच्या डोळ्यांत बघून, निदान स्वतःच्या तोंडाने सांगेल.*

"हात वर करा," ती म्हणाली.

कानिशायचा हात वर गेला. कुबानिचचा गेला. जाकिप समितीवर नव्हता, तरी त्याचाही गेला आणि तिने खाली करायला लावला नाही. सूरोनबाय बायके टोपीची कड चुरगाळत उभे होते.

"बायके?"

"मी म्हातारा झालोय, बुरुल. मला हे जमायचं नाही."

"तुम्हाला जमवायला नाही सांगितलं. विद्यार्थी सांगेल, असं लिहिलंय. तुम्ही हात वर करा फक्त."

म्हाताऱ्याने हात वर केला. मग तो हात तसाच डोळ्यांवर नेला.

कुबानिचने किटलीखाली आच लावली. चहा व्हायला वेळ लागला. तेवढ्यात बुरुलचाने पुढचं उद्दिष्ट वाचायला घेतलं, रक्तदाबाचं, आणि कुणाचंच लक्ष नाही म्हणून टेबलावर बोट आपटलं. चहा झाला तेव्हा कुबानिच किटली घेऊन तिच्यापाशी आला. तिने पियाला पुढे केला आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली.

त्याने तळापुरता चहा ओतला.